काय लागलं तर सांगा

या अंकाच्या संपादकांनी 'माझं काम' या सदरासाठी लेख मागितला. मी कळवलं, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना सांभाळणं हेच माझं काम आहे, त्यावर लिहितो. त्यांचा फोन आला. "फार हृद्य विषय आहे हो. आपण हा 'सेवाभाव' सदरात घेऊ या."

"'माझं काम'मध्येच घ्या," मी म्हटलं, "नाहीतर मी दुसरीकडं देतो."

ते म्हणाले, "एवढा राग कशाचा आलाय तुम्हाला?"

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. रविवारची दुपार आहे. मी ओसरीवर बसून लिहितोय आणि आत तात्यांच्या उशाशी आमच्या घरातलं नसलेलं एक माणूस बसलं आहे. एवढी साधी गोष्ट घडवून आणायला काय काय करावं लागलं, ते सांगतो.

आमचं गाव वरकुटे, तालुका इंदापूर. तात्या म्हणजे माझे वडील. उभा जन्म त्यांनी कालव्याच्या पाण्यासाठी भांडण्यात घातला. चारीला, म्हणजे कालव्याच्या फाट्याला, पाणी सुटलं की वरची शेतं तुडुंब भिजायची आणि टेलची, म्हणजे अगदी शेवटची, कोरडी राहायची. तात्यांनी पत्रकं काढली, मोर्चे नेले, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यापुढं आडवे पडले आणि पाण्याची पाळी उलटी करायला लावली. आधी शेवटच्या शेताला पाणी, मग एकेक शेत वर सरकत यायचं. मी अक्षरं शिकलो ती पाटीवर नाही, त्या गुलाबी-पिवळ्या पत्रकांवर. पुढं इंदापुरात एका छापखान्यात कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायच्या कामाला लागलो. जगातला कुठलाही अन्याय एका पत्रकात मावतो, अशी माझी तेव्हा खात्री होती.

मग एका सकाळी उसाला पाणी देत असताना तात्या बांधावरच कोसळले. उजवी बाजू गेली. वाचा गेली, पण एक शिवी तेवढी शाबूत राहिली. भूक लागली तरी 'च्यायला', बरं वाटलं तरी 'च्यायला'. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, बारामतीला एमआयडीसीत कायम नोकरीत आहे. माझं काम रोजावरचं. म्हणून मी काम सोडून घरी आलो आणि त्याची गावभर चर्चा झाली. सुरेखावहिनींनी, म्हणजे दादाच्या बायकोनं, काय सोडलं याची चर्चा झाली नाही. त्या घरातच गावाची शिवणं शिवायच्या. मशीन आजही खिडकीखाली आहे. त्यावर औषधांचा डबा असतो.

बाहेरच्यांना वाटतं, आजारी माणूस सांभाळायचा म्हणजे उशाशी बसायचं आणि कपाळावरून हात फिरवायचा. हे ओझी उचलायचं काम आहे. अंथरुणातल्या माणसाच्या पाठीखाली एक चादर कायम आडवी, दुमडून घातलेली असते. दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते, नाहीतर माकडहाडापाशी कातडी आधी लाल होते, मग काळी पडते, मग तिथं हाडापर्यंत जखम होते. कूस बदलताना दंडाला धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. चादरीची एक कड एकानं धरायची, दुसरी दुसऱ्यानं, 'हां' म्हणायचं आणि दोघांनी एकदम उचलायचं. हे एकट्यानं होत नाही. एकट्यानं केलं तर दोघांपैकी एकाचं काहीतरी मोडतं. भरवायच्या आधी उशा लावून ताठ बसवायचं आणि हनुवटी छातीकडं झुकवायची. पातळ काही द्यायचं नाही, पेजेसारखं दाट द्यायचं, नाहीतर घास श्वासनळीत उतरतो. दवाखान्यातल्या सिस्टरनं हे सगळं एकदाच दाखवलं. वहिनींनी ते तिथंच उचललं. मला आठवडाभर लागला.

आणि श्रावणबाळ मी झालो!

मी पेजेचा एक चमचा तात्यांच्या तोंडाजवळ नेला की आलेले पाहुणे डोळे पुसायचे. "असला ल्योक मिळाया पुण्याई लागती." त्याच वेळी वहिनी तात्यांच्या शौचाचं भांडं घेऊन मधून जायच्या. पाहुणे पाय आखडून घ्यायचे. बोलणं तोडायचे नाहीत. मुलानं केलं तर पुण्य, सुनेनं केलं तर तिला त्यासाठीच आणलेली. हा हिशेब मला लहानपणापासून माहीत होता, पण माझ्या नावावर एवढं पुण्य जमा होताना बघून त्याची किळस आली.

हे पाहुणे म्हणजे आमच्या धंद्यातलं गिऱ्हाईक. आमच्याकडं कोणी आजारी पडलं की समाचाराला जायची रीत आहे, आणि ती कोणी चुकवत नाही. हातात केळी, बिस्किटाचे पुडे, नाहीतर शहाळं. आजाऱ्याला एकदा नीट न्याहाळायचं, "लई खराब झालं" असं त्याच्यासमोरच म्हणायचं, आपल्या ओळखीतलं याच दुखण्यानं कोण कसं गेलं ते सविस्तर सांगायचं, चहा घ्यायचा, दुसऱ्यांदा नको-नको म्हणत घ्यायचा आणि उंबऱ्यावर थांबून एक वाक्य म्हणायचं. "काय लागलं तर सांगा." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की चपला घालायचा तो मंत्र असावा, असं मला वाटायला लागलं होतं.

नरसिंहपूरची आत्या, तात्यांची थोरली बहीण, देवाचं तीर्थ आणि शहाळी घेऊन आली तो दिवस मी विसरणार नाही. तात्या आडवे होते. आत्यानं तांब्यात शहाळ्याचं पाणी ओतलं.

"आत्या, थांबा, ताठ बसवू द्या आधी."

"गप रं. माझा भाऊ हाय त्यो. मला शिकिवतोय व्हय?"

आणि तिनं मायेनं तांब्या त्यांच्या तोंडाला लावला. तात्यांना ठसका लागला, डोळे पांढरे झाले, ओठ निळे पडायला लागले. मी नुसताच ओरडलो. वहिनी चुलीपासून धावत आल्या. "भावजी, कड धरा!" आम्ही चादरीनं त्यांना उठवून पुढं वाकवलं. वहिनींनी तळहातानं पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा कुठं श्वास सुटला आणि पाठोपाठ खणखणीत 'च्यायला' आलं. आत्या कोपऱ्यात रडत बसली. मग वहिनींनी काय केलं असेल? आत्याला चहा केला, बरोबर लाडू दिला आणि तिची समजूत घातली. जाताना आत्या म्हणाली, "सुरेखा, जिवाला जप गं. काय लागलं तर सांग."

त्या संध्याकाळी वहिनी वैरण टाकायला गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत. मी बघायला गेलो. गोठ्यात म्हशीच्या पाठीला टेकून त्या नुसत्या बसल्या होत्या. मला बघून उठायला लागल्या.

"बसा, वहिनी. तात्या झोपलेत."

"हितं बरं वाटतंय," त्या म्हणाल्या. "म्हस इचारत न्हाय, 'आता कसं हाय' म्हणून."

त्याच सुमारास बारामतीत एका सभागृहात व्याख्यान होतं, 'रुग्णसेवा करणाऱ्यांसाठी तणावमुक्ती'. प्रवेश मोफत. दादाला सुट्टी होती, शेजारचे एक गृहस्थ कड धरायला तयार झाले आणि मी हट्टानं वहिनींना घेऊन गेलो. व्याख्यात्यांचा कोट कडक इस्त्रीचा होता. ते म्हणाले, स्वतःसाठी वेळ काढा. आवडीचा छंद जोपासा. रोज सकाळी अर्धा तास एकट्यानं फिरायला जा. मग सगळ्यांना डोळे मिटायला लावून म्हणाले, समजा तुम्ही नदीकाठानं चालताय, वारा सुटलाय, खांद्यावर कसलंच ओझं नाही. वहिनी बसल्या जागी गाढ झोपल्या आणि घोरायला लागल्या. लोक हसले. व्याख्याते खूश झाले. "पाहा! तंत्र किती प्रभावी आहे!"

माझा संताप असा होता की उठून मंचावर जावं आणि विचारावं, साहेब, ती अर्धा तास फिरायला गेली तर चादरीची दुसरी कड कोण धरणार, तुमचा वारा? ताण काय माणसाच्या श्वासात असतो? तो कामाच्या वाटणीत असतो. वाटणी वाकडी ठेवायची आणि जिच्या वाट्याला सगळं आलं तिलाच दीर्घ श्वास घ्यायला सांगायचं, याला उपचार नाही, चलाखी म्हणतात. पण उठलो असतो तर वहिनी जाग्या झाल्या असत्या. म्हणून बसून राहिलो.

एसटीत मी विचारलं, "कसं वाटलं भाषण?"

"लई चांगलं," त्या म्हणाल्या. "असलं भाषण दर आठवड्याला न्हाय का ठेवत?"

पुढची गोष्ट मला उशिरा दिसली, कारण आमच्याकडं बाईचं दुखणं दिसायला उशीरच लागतो. कड उचलताना वहिनी एका हातानं पोट दाबून धरायला लागल्या होत्या. त्यावर साडी करकचून बांधायच्या. बेंबीपाशी लिंबाएवढी गाठ आली होती. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासून विचारलं, "काय उचलता तुम्ही?"

"सासऱ्यांना," वहिनी म्हणाल्या.

हर्निया निघाला. ऑपरेशन करून घ्या, नंतर तीन महिने वजन उचलायचं नाही, आणि लांबणीवर टाकाल तर आतडं अडकून जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी आम्हाला स्वच्छ सांगितलं. दादानं मान हलवली. घरी आल्यावर म्हणाला, "ऊसतोड आलीया तोंडावर. ऊस जाऊ दे, मग बघू." ऊस गेला. मग उन्हाळी पाळी आली. मग भाचीचं लग्न. वहिनी म्हणायच्या, "कायम दुखतंय असं न्हाय. उचलताना तेवढं." आणि उचलणं दर दोन तासांनी.

उन्हाळी पाळीच्या वेळी मात्र मी घरात आणि गावात नीट बघून घेतलं. पाण्याची पाळी कोणी चुकवत नाही. ज्याला ताप भरला तो घोंगडी पांघरून बांधावर जातो. ज्याला जमत नाही तो चुलतभावाला पाठवतो, आणि ज्याच्याशी बोलणं बंद आहे तो चुलतभाऊसुद्धा जातो, कारण पाळी ही पाळी असते. उसासाठी हे सगळं गावाला येतं. ऊस वाळताना बघवत नाही. बाई वाळताना बघवते.

मी कागद घेतला आणि पत्रक लिहिलं. मला तेवढंच येतं. लिहिलं आणि वहिनींना वाचून दाखवलं, कारण मजकूर त्यांच्या पोटाचा होता.

'तात्यांच्या समाचारास येणाऱ्या सर्वांस. जाताना आपण प्रत्येकाने म्हटले आहे, काय लागलं तर सांगा. आता लागले आहे. घरात ऑपरेशन आहे. शहाळी, केळी, बिस्किटे आणू नयेत. चादरीची एक कड धरायला रात्रंदिवस, आळीपाळीने एक माणूस हवा आहे. पाण्याची धरता तशी ही पाळी धरावी. शेवटच्या शेताला आधी पाणी, हे तात्यांनी या गावाला शिकवले. आमच्या घरातले शेवटचे शेत म्हणजे आमच्या वहिनी.'

वहिनींनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "मी काय शेत हाय व्हय?"

"न्हाय वहिनी, ते आपलं एक…"

"शेत काढा तितनं. आन् नुसतं 'घरात ऑपरेशन' काय? कुणाचं? म्हशीचं? माझं नाव लिवा. सुरेखा लिवा."

मी माझं सगळ्यात आवडतं वाक्य खोडलं आणि नाव घातलं. जुन्या छापखान्यात पिवळ्या कागदावर पत्रकं छापून घेतली, दूध डेअरीवर वाटली, पारावर वाटली, समाचाराला येऊन गेलेल्या झाडून सगळ्यांच्या हातात दिली. संध्याकाळी दादा एक पत्रक मुठीत चुरगाळून घरात शिरला.

"घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडलीस? आन् बायकोचं नाव? पत्रकावर?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाल्या, "लग्नपत्रिकेवर छापलं तवा चाललं की."

दुसऱ्या दिवशी दादानं रजेचा अर्ज टाकला आणि त्या आठवड्यात वहिनींना घेऊन बारामतीला दवाखान्यात गेला.

दोघं गेल्यावर पहिल्या सकाळी कोणी आलं नाही. मी दारात उभा. जे रोज चहाला यायचे ते रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं, मोबाइलमध्ये मान घालून जात होते. शेवटी रस्त्यानं चाललेल्या टेंपोवाल्याला थांबवून कड धरायला लावली. त्याला धड माझं नावही माहीत नव्हतं. त्या दिवशी मला कळलं की आमच्या गावात माणुसकी भरपूर आहे, फक्त ती बसून करायची आहे.

संध्याकाळी दारात बाबूभाई उभे. बाबूभाईंचं शेत चारीच्या तोंडाशी, म्हणजे तात्यांनी पाळी उलटी केली तेव्हा पहिलं नुकसान त्यांचं झालं. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. सगळा गाव समाचाराला येऊन गेला, हे आले नव्हते.

"मी समाचाराला आलो न्हाय," ते दारातूनच म्हणाले. "समाचार दोस्तांनी घ्यायचा. आमची कुठं दोस्ती? पाळी लावलीय असं वाचलं. चादर कुठं हाय?"

तात्यांनी त्यांना बघितलं आणि पूर्ण ताकदीनं सुनावलं, "च्यायला!"

"वळखलं बघ मला," बाबूभाई म्हणाले.

मी त्यांना कड कशी धरायची ते दाखवलं. मी 'हां' म्हणायच्या आधीच त्यांनी झटक्यात उचललं, तात्या माझ्या अंगावर कलंडले.

"बाबूभाई, 'हां' म्हटल्यावर उचलायचं!"

"काय करू लेका, जुनी सवय. पाळीच्या आधी चारीचं दार उघडायची."

तात्यांचा अर्धा चेहरा हसला. तो अर्धा चेहरा हसताना मी कित्येक महिन्यांत बघितला नव्हता. बाबूभाई रोज येत राहिले. रोज पाळीच्या आधी उचलत राहिले आणि रोज शिवी खात राहिले.

नरसिंहपूरची आत्या पिशवी घेऊन आली. पिशवीत शहाळं नव्हतं, दोन लुगडी होती. "ऱ्हायाला आलीया," ती म्हणाली. "ते ताठ बसवायचं कसं, मला शिकीव." आणखी दोघंचौघं आले. डेअरीवरचे एक काका दोन दिवस येऊन तिसऱ्या दिवशी गुडघ्याची सबब सांगून गेले. ज्यांच्या हातात मी पत्रक दिलं होतं त्यातले आले ते एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांनी काय केलं? त्यांनी वहिनी घरी आल्यावर त्यांच्या समाचाराला गर्दी केली. शहाळी घेऊन.

ऑपरेशन नीट झालं. पण टाके निघाले तशी गावाची समजूत झाली की प्रकरण मिटलं. आत्याला तिच्या घरी परत जावं लागलं, दादाची रजा संपली, पाळी आटली. बाबूभाई तेवढे संध्याकाळी यायचे. वहिनींचा हात पुन्हा चादरीच्या कडेकडं जायला लागला आणि मी त्यांच्यावर ओरडायला लागलो, "सोडा ती कड!" ज्यांच्यावर ओरडायला हवं होतं ते माझ्यासमोर नव्हते.

ते गणपतीत आले. मंडळाचा अध्यक्ष सागर आणि त्याच्याबरोबर ओसरी भरून पोरं, सगळे एका रंगाच्या टी-शर्टात. तात्यांच्या पाया पडून सागर म्हणाला, "भावा, यंदापास्नं मंडळानं एक पुरस्कार चालू केलाय. 'आजचा श्रावणबाळ'. पहिला तुला. शाल, नारळ आन् फेटा. स्टेजवर, सगळ्यांच्या समोर."

चहा मी केला होता. कप उचलून सागर आतल्या दाराकडं बघून म्हणाला, "वहिनी, चहा एक नंबर हं!"

मी म्हटलं, "पुरस्कार द्यायचाच तर वहिनींना द्या."

सागर जरा गोंधळला. पोरांकडं बघितलं. मग त्याचा चेहरा उजळला. "वहिनींना साडी देऊ की! आमच्या महिला मंडळाकडनं वटी भरू."

माझ्या डोक्यात एक आख्खं पत्रक तयार झालं. मी उठायला लागलो, पण दारातून आवाज आला.

"साडी नको." वहिनी चौकटीला टेकून उभ्या होत्या, एक हात पोटावर. एवढ्या पुरुषांसमोर त्या कधी बोलल्या नव्हत्या. "सागरभावजी, तुमच्या मंडळात पोरं किती हायती?"

"हायती की वहिनी, ढीगभर."

"समदी धडधाकट?"

"गणपती आमीच उचलतो!"

"मग तात्याबी उचलतील. एक रविवार एकानं यायचं, दुसऱ्या रविवारी दुसऱ्यानं. सकाळी यायचं, दिस मावळला की जायचं. कड कशी धरायची ते भावजी दाखवतील. मला तेवढा एक दिवस झोपायचंय."

आतून तात्या म्हणाले, "च्यायला."

सागरनं कप खाली ठेवला. पोरं एकमेकांकडं बघत चपला शोधायला लागली. "बघतो वहिनी," तो म्हणाला. "मीटिंग घेऊन सांगतो." उंबऱ्यावर गेल्यावर तो सवयीनं थांबला, सवयीनंच वळला आणि म्हणाला, "बरं, येतो मग. काय लागलं तर सांगा."

वहिनी जागच्या हलल्या नाहीत.

"सांगितलं की आत्ताच."